कोर्बिएरची बाटली आणि घेवड्याचं मडकं

शुक्रवार

निघताना धाकट्या भावाने एकच बजावलं होतं, "भाऊ, ऑक्टोबर छाटणीच्या आत परत या." निफाड तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माणसाला घराबाहेर पडायला वर्षात मोजके दिवस मिळतात, त्यातले हे. काड्या पिकून तयार, छाटणीला अजून पंधरा-वीस दिवस, आणि डावणीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर, नजर ठेवायला भाऊ आहे. अनंत चतुर्दशीला गणपती पोचवले आणि त्याच आठवड्यात विमानात बसलो. पितृपंधरवडा लागला होता. सौ. म्हणाली, "या पंधरा दिवसांत लोक साधी चप्पल नवी घेत नाहीत, आणि तुम्ही वाईन प्यायला निघालात." मी म्हटलं, "प्यायला नाही गं, बागा बघायला." तिने पुढे वाद घातला नाही. बॅगेत काळ्या मसाल्याचा डबा मात्र आठवणीने भरला आणि माझ्याबरोबर निघाली.

भावाची मुलगी टूलूजला असते. विमानांच्या पंखांची काही गणितं करते, ती मला कळत नाहीत. तिने सुट्टी काढली होती, गाडी तीच चालवणार होती. "काका, बोर्डोला सगळेच जातात. मी तुम्हाला शेतकऱ्यांची वाईन दाखवते," म्हणाली. ती वाईन म्हणजे कोर्बिएर. टूलूजहून पूर्वेला समुद्राच्या दिशेने निघालं, की नारबोन शहर आणि पिरेनीज डोंगर यांच्या मधे जो उघडाबोडका, दगडधोंड्यांचा मुलूख लागतो, तिथली लाल वाईन. शेजारचा मुलूख मिनेर्व्वा. दोन्हींना 1985 साली फ्रान्सचा तो प्रसिद्ध मूळस्थानाचा दर्जा मिळाला, म्हणजे त्या मुलखात, ठरल्या नियमांनी केलेल्या वाईनलाच ते नाव लावता येतं. त्याआधी ही दोन्ही नावं फ्रान्समध्ये 'स्वस्तातली, कामगारांची लाल' म्हणूनच ओळखीची होती.

वाईनशी माझं जुनं वाकडं आहे, ते आधी सांगून टाकतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडे वाईनच्या द्राक्षांची लाट आली तेव्हा आम्हीही थॉमसन ही खायच्या द्राक्षाची जात काढून दीड एकर सीरा ही वाईनची जात लावली होती. एका वायनरीशी करार होता. तीन वर्षं माल गेला, चौथ्या वर्षी त्यांनी उचल थांबवली. वाईनचं द्राक्ष बारीक मण्याचं, बीचं, जाड सालीचं. बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. त्या वर्षी घड झाडावर काळे पडले आणि पुढच्या वर्षी आम्ही बाग मुळासकट काढली. आमच्या मालाची वाईन मी एकदाच चाखली होती, त्यांच्या हपिसात, उभ्याउभ्या, काचेच्या पेल्यातून. जांभळाची बी चावल्यासारखी तुरट लागली होती. हे लोक पितात तरी काय, असं मनात आलं होतं.

टूलूजहून पाऊण तासावर कास्तेलनोदारी नावाचं गाव आहे. कालव्याकाठचं. दुपारी एकला तिथे पोचलो तेव्हा सप्टेंबरचं ऊन चांगलंच तापलं होतं आणि या उन्हात गावातला प्रत्येक माणूस कासुले खात होता. कासुले म्हणजे पांढरा घेवडा, बदकाची चरबीत मुरवलेली तंगडी, डुकराचं मांस आणि सॉसेज, हे सगळं मातीच्या भांड्यात भट्टीत तासन्‌तास रटरटवलेलं. तळाला निमुळत्या आणि वर फाकलेल्या तोंडाच्या त्या भांड्याला 'कासोल' म्हणतात. त्यावरूनच पदार्थाचं नाव पडलं. शेजारच्या इसेल गावचे कुंभार ही भांडी घडवायचे. वेटरने ते उकळतं भांडं तसंच टेबलावर आणून ठेवलं. वर तांबूस-तपकिरी साय धरलेली. सौ.ने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही तर घेवड्याची उसळ."

तिला मांस चालत नाही. तिच्यापुढे बकरीच्या दुधाचं गरम चीज, अक्रोड आणि हिरवा पाला आला. ती माझ्या भांड्याकडे बघून तपशील विचारत राहिली. उत्तरं पुतणी देत होती. घेवडा आदल्या रात्री भिजवायचा. पहिलं उकळीचं पाणी फेकून द्यायचं. मग डुकराची कातडी, हाडं आणि लसूण घालून केलेल्या पाण्यात तो अर्धामुर्धा शिजवायचा. भांड्याच्या तळाला कातडी अंथरून वर घेवडा आणि मांस रचायचं, आणि भट्टीत मंद आचेवर दोन-तीन तास ठेवायचं. वर जी साय धरते ती मोडून आत दाबायची, पुन्हा धरू द्यायची, पुन्हा मोडायची. जुनी माणसं सात वेळा मोडायला सांगतात. या गावात त्यावर पावाचा चुरा भुरभुरवला तर पाप मानतात. आणि खरी चव दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर येते, हे तर आपल्याकडच्या कोणत्याही उसळीला लागू आहे.

कासुलेवरून इथल्या तीन गावांचं भांडण जुनं आहे. प्रॉस्पेर मोंताञे हा कार्कासोनला जन्मलेला नामवंत आचारी. त्याने तोडगा काढला, की कासुले हा या प्रांताचा देव, त्यात कास्तेलनोदारीचा तो पिता, कार्कासोनचा पुत्र आणि टूलूजचा पवित्र आत्मा. कार्कासोनवाले त्यात मेंढीचं मांस घालतात, टूलूजवाले आपलं सॉसेज. गावात एक दंतकथाही सांगतात. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी वेढा घातला, गावकऱ्यांनी घराघरातलं उरलंसुरलं एका कढईत शिजवून सैनिकांना खाऊ घातलं आणि त्या बळावर इंग्रजांना पार समुद्रापर्यंत पिटाळलं. कथा झकास आहे, पण घेवडा अमेरिकेतून आला तो कोलंबसानंतर. वेढ्याच्या काळात फार तर बाकल्याचे दाणे असतील. आमच्या सातारकडच्या वाघ्या घेवड्याचा हा गोरा चुलतभाऊ, दोघेही मूळचे परदेशी.

आता वाईन. पुतणीने कोर्बिएरची बाटली मागवली होती. जेवण यायच्या आधी एक घोट घेतला. तीच ती जांभळाची बी. जीभ खरखरीत झाली, हिरड्या आवळल्या. मी पेला बाजूला सरकवला. "काका, आता नको. दोन घास खा, मग घ्या." घेवडा तोंडात टाकला. लोण्यासारखा विरघळला, पण पाठोपाठ बदकाच्या चरबीचा जाड थर टाळूला बसला. तिसऱ्या घासाला जड वाटायला लागलं. तेव्हा घोट घेतला.

चमत्कार वगैरे म्हणणार नाही, पण ही तीच बाटली आहे यावर माझा विश्वास बसेना. तुरटपणा गायब. उलट तोंड धुऊन काढल्यासारखं स्वच्छ, आणि मागे काळ्या करवंदांसारखी काहीतरी चव. पुतणीने कारण सांगितलं. तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे. सालीतलं आणि बीतलं टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी पडते. तोंडात मांस, घेवडा, चरबी असली की टॅनिनला धरायला दुसरं काहीतरी मिळतं, जीभ सुटते. वाईनची आंबट बाजू चरबी कापते. आपण मटणाच्या जेवणावर सोलकढी घेतो ती कशासाठी?

तिने हे सगळं पंखाच्या गणितासारखं सहज सांगितलं. मी मात्र वीस वर्षांपूर्वीच्या त्या हपिसातल्या पेल्याचा विचार करत होतो. शेतकऱ्याला त्याच्याच मालाची वाईन द्यायची होती तर सोबत ताटभर मटण तरी द्यायचं.

शनिवार

कार्कासोनचा किल्ला पाहिला. बावन्न बुरूज, दुहेरी तटबंदी, आत आइस्क्रीमची आणि लाकडी तलवारींची दुकानं. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक नावाच्या वास्तुविशारदाने तो डागडुजी करून उभा केला. बुरुजांवर त्याने उत्तरेकडच्या धाटणीचे टोकदार पाटीच्या दगडाचे माथे बसवले, त्याबद्दल लोक अजून त्याला बोल लावतात. आमच्याकडे असा एखादा किल्ला दुरुस्त झाला असता तर मी माथ्याच्या आकारावरून तक्रार केली नसती. दोन तासांत बाहेर पडलो.

दिवसाचा खरा ऐवज कालव्याकाठी होता. टूलूजपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत 240 किलोमीटर जाणारा हा 'कनाल द्यू मिदी' पिएर-पोल रिके या माणसाने 1666 ते 1681 या काळात खोदवला. तो पूर्ण व्हायच्या काही महिने आधी रिके वारला. कालव्याने या भागाचं धान्य आणि वाईन बाहेर काढली. दोन्ही काठांवर चिनारासारख्या प्लेन झाडांची रांग होती, तिची सावली हाच कालव्याचा दागिना. आता मैलोन्‌मैल बुंधे दिसतात. 2006 मध्ये झाडांना बुरशीचा रोग सापडला, उपाय नाही, तोडून जाळायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो आला असं मानतात.

अमेरिकेने या प्रांताला काय काय पाठवलं याची यादी मी मनात केली. घेवडा दिला, तो चांगला. मग भुरी, ती पांढरी भुकटी धरणारी बुरशी, आली. मग 1863 च्या सुमाराला मुळांवर जगणारा फायलॉक्सेरा नावाचा किडा आला, त्याने फ्रान्सच्या बागा साफ केल्या. मग डावणी. किड्यावर उतारा म्हणून अमेरिकेच्याच जंगली वेलाच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचं कलम बांधायची पद्धत आली. आमच्या बागेत आज डॉगरिज या अमेरिकी वेलाच्या खुंटावर थॉमसन उभं आहे, ती त्याच उपायाची नातवंडं. डावणीसाठी मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण निघालं ते बोर्डोत, 1885 मध्ये. निफाडचा शाळा न शिकलेला गडीसुद्धा 'बोर्डो' हा शब्द रोज उच्चारतो. बोर्डो हे गाव आहे, हे त्याला सांगितलं तर हसेल.

दुपारी मिनेर्व. दोन नद्यांनी कापलेल्या दरीच्या टोकावर दगडी गाव. 1210 मध्ये सिमों द मोंफोर या धर्मयुद्धाच्या सेनापतीने वेढा घातला, दगडफेकी यंत्राने गावाची पाण्याची वाट फोडली आणि गाव शरण आलं. कॅथार या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे 140 माणसांनी धर्म सोडायला नकार दिला, त्यांना जिवंत जाळलं. पाणी तोडलं की किल्ला पडतो, हे आपल्यालाही ठाऊक असलेलं युद्धशास्त्र. सौ. त्या दरीकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि नंतर जेवणात तिचं लक्ष लागलं नाही.

पण जेवण तिच्याच सोयीचं होतं. बीझ-मिनेर्व्वा गावाजवळ 'ल्युक' जातीचे हिरवे ऑलिव्ह मिळतात, चंद्रकोरीसारखे वाकडे. आपण बाटलीतले खारट-कडू ऑलिव्ह खाऊन नाक मुरडतो, त्याच्याशी याचं नातं सांगू नये. हा ओल्या काजूगरासारखा लागतो. सोबत बकरीचं चीज, पाव, आणि काळे ऑलिव्ह, केपर व अँचोवी वाटून केलेली चटणी. ती सौ.ने मासळीमुळे दूर ठेवली. मिनेर्व्वाची लाल वाईन कोर्बिएरपेक्षा थोडी मऊ वाटली. तिच्यात सीरा होती. मी घोट तोंडात घोळवत राहिलो. दीड एकर सीरा मीही लावली होती. "कशी आहे?" पुतणीने विचारलं. "ओळखीची," मी म्हटलं.

रविवार

नारबोनचा बाजार 1901 सालचा, लोखंडी खांबांचा. रविवारी सकाळी दहालाच माणसं उभ्याने वाईन पीत होती. एका गाळ्यावरचा माणूस भोंग्यातून समोरच्या खाटकाला ऑर्डर ओरडतो आणि खाटीक मांसाचं पुडकं गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून त्याच्याकडे भिरकावतो. तो ते झेलतो आणि तव्यावर टाकतो. इथे मी एक चूक केली. शेजारच्या गाळ्यावर सार्डिन भाजत होते. आपला तारली-बांगडा डोळ्यापुढे आला आणि मी लाल वाईनबरोबर मागवले. पहिल्या घोटाबरोबर तोंडात गंजक्या खिळ्याची चव. तेलकट मासा आणि तुरट लाल वाईन यांचं पटत नाही ते कायमचंच. त्याला पांढरी घ्यावी, नाहीतर पाणी.

चौकात जमिनीखाली दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन रस्त्याचा तुकडा उघडा ठेवला आहे. लोक त्या दगडांवर बसून सँडविच खात होते. मी ज्यासाठी आलो होतो ती गोष्ट मात्र याच चौकातली, आणि जेमतेम सव्वाशे वर्षांपूर्वीची.

फायलॉक्सेरानंतर बागा पुन्हा लागल्या त्या भरमसाट लागल्या. अल्जीरियातून स्वस्त वाईन येत होती. त्यात भर म्हणून उत्तरेकडच्या बीटाच्या साखरेचं पाणी आंबवून 'वाईन' करणारे व्यापारी. भाव इतके पडले, की वाईन काढण्याचा खर्च निघेना. आर्जेलिए नावाच्या खेड्यात मार्सेलँ आल्बेर नावाचा माणूस होता. थोडी बाग, एक छोटं कॅफे, आणि गावच्या नाटकात काम करायची हौस. 11 मार्च 1907 रोजी तो 86 गावकरी घेऊन नारबोनला निघाला, संसदेच्या चौकशी समितीला गाठायला. तिथून दर रविवारी सभा. मे महिन्यात एकेका शहरात लाखाच्या घरात लोक जमायला लागले. 9 जूनला मोंपेलिएमध्ये पाच लाखांच्या वर माणूस होता असं सांगतात. नारबोनचा महापौर एर्नेस्त फेरूल आंदोलनात उतरला, शेकडो नगरपालिकांनी राजीनामे दिले, कर भरणं थांबलं. पंतप्रधान क्लेमान्सोने सैन्य पाठवलं. 19 आणि 20 जूनला या नारबोनात गोळीबार झाला, सहा जण मेले. त्यात सेसिल बूरेल नावाची वीस वर्षांची मुलगी होती. ती बाजाराला आली होती. बातमी ऐकून सतराव्या पलटणीचे शिपाई बंदुका घेऊन आगदहून बेझिएला चालत निघाले, कारण तेही याच गावांतले, द्राक्षवाल्यांचीच पोरं. बेझिएच्या रस्त्यावर लोकांनी त्यांना जेवू घातलं. सरकारने नंतर ती पलटण ट्युनिशियाच्या वाळवंटात, गाफ्साला धाडली.

पुढचा भाग मी पुतणीला दोनदा सांगायला लावला. आल्बेर लपतछपत पॅरिसला गेला, थेट क्लेमान्सोपुढे उभा राहिला. क्लेमान्सोने त्याची समजूत काढली आणि परतीच्या तिकिटासाठी शंभर फ्रँकची नोट हातात दिली. त्याने घेतली. मग पत्रकारांना ती गोष्ट पसरवायला वेळ लागला नाही. नेता शंभर फ्रँकला विकला गेला! भोळा माणूस, गावी परतला तर जीव वाचवायची पाळी. 1921 मध्ये तो गरिबीत मेला. पण 29 जून 1907 ला कायदा झाला. बनावट वाईनला आळा, साखरेवर जादा कर, आणि प्रत्येक बागायतदाराने आपलं उत्पादन किती झालं ते जाहीर करायचं. ती नोंद इथे अजूनही दर वर्षी द्यावी लागते. फ्रान्समध्ये वाईन म्हणजे ताज्या द्राक्षांचीच, हा धाक या लोकांनी बसवला.

संध्याकाळी आर्जेलिएला जाऊन आलो. गाव सामसूम. दोन म्हातारे बाकावर बसलेले, एक मांजर. आमच्याकडे कांद्याचा लिलाव बंद पडला की मुंबई-आग्रा रस्त्यावर जे होतं, ते मी तरुणपणी आतून पाहिलं आहे, म्हणून त्या गावात उगाच दोन फेऱ्या मारल्या.

सोमवार

बुतनाक. कोर्बिएरमधला हा छोटा तुकडा, 2005 पासून याला स्वतंत्र नाव आहे, फक्त लाल वाईनला. पुतणीच्या सहकाऱ्याच्या ओळखीने एका बागायतदाराकडे गेलो. साठीचा माणूस, हात माझ्यासारखेच.

त्याची बाग बघून मी आधी गप्प झालो. मांडव नाही, तारा नाही, वेल चढवायचे वाय आकाराचे खांब नाहीत, ठिबक नाही. लाल मातीत गोटे, आणि गोट्यांतून वर आलेली गुडघाभर उंचीची वाकडीतिकडी खोडं, एकेकटी उभी, माथ्यावर चार-पाच हात फुटलेले. वय ऐंशीच्या पुढे. जात कारिन्यान, मूळची स्पेनची. "झाडाला किती निघतो?" मी विचारलं. "किलो, सव्वा किलो." आमच्याकडे एवढ्यावर माणूस दुसऱ्या दिवशी करवत घेऊन येईल. त्याचा बापही तसाच म्हणायचा, तो हसून म्हणाला. एकेकाळी कारिन्यान ही फ्रान्समधली सर्वांत जास्त लावलेली जात होती. भरपूर पीक द्यायची म्हणून लावली, आणि पातळ वाईनची बदनामी आली म्हणून सरकारने पैसे देऊन उपटायला लावली. उरली ती म्हातारी झाडं. आता ती कमी पीक देतात, म्हणून त्यांची वाईन दाट. त्यात भुरी हिच्यावर पहिली बसते आणि घडाचा देठ इतका जाड, की यंत्राने तोडायला नको. मी देठ दाबून पाहिला. खरंच, काडीच.

तोडणी हातानेच चालली होती. कात्र्या, क्रेट, वाकलेल्या पाठी. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात तशा यांच्याकडे पूर्वी स्पेनहून यायच्या.

घड तसेच अखंड बंद टाकीत जातात, न चिरडता. टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला. हवा नाही म्हटल्यावर मण्याच्या आतल्या आतच साखर आंबायला लागते, रंग सालीतून गरात उतरतो, मग मणी फुटतात. आठ-दहा दिवसांनी दाबून रस काढायचा. असं केलं की कारिन्यानचा रांगडेपणा वळणावर येतो, टॅनिन कमी उतरतं आणि फळाचा वास राहतो. मग ग्रनाश, सीरा, मूर्वेद्र या जातींच्या वाईनशी मिसळायची. टाकीच्या झाकणापाशी वास घेतला तर पिकलेल्या केळ्याचा आणि जांभळाचा एकत्र. घड अखंड हवेत म्हणून हाताची तोडणी, यंत्र मण्यांचा चेंदा करतं.

बागेच्या टोकाला गेलो तेव्हा पलीकडचा डोंगर काळा दिसला. महिन्याभरापूर्वी, 5 ऑगस्ट 2025 ला रिबोत गावाजवळ आग लागली आणि सोळा हजार हेक्टर मुलखावर पसरली. मी इथे वारा अनुभवला होता, सेर्स म्हणतात त्याला, गाडीचं दार धरून ठेवावं लागतं. जिथे जित्या बागा होत्या तिथे आग थबकली, तो म्हणाला. जिथे बागा उपटल्या आणि गवत माजलं, तिथून ती पळाली. त्या वेळी कायमची बाग काढणाऱ्याला सरकार हेक्टरी चार हजार युरो देत होतं. मी मनात हिशेब केला, एकरी दीड-पावणेदोन लाख रुपये. शेजाऱ्याने घेतले. हा घेणार नाही म्हणतो, पण ते म्हणताना झाडाकडे बघत नव्हता. यंदाच्या मालाला धुराचा वास लागतो का, हे टाकी उघडल्यावरच कळणार.

जेवण शेडमध्ये, तोडणीवाल्यांबरोबर. भिंतीच्या आडोशाला विटांची चूल, आणि चुलीत छाटणीच्या वाळल्या काड्या. द्राक्षाची काडी भराभर पेटते, धूर थोडा, निखारा कडक. त्यावर जाळीत सॉसेज आणि कोकराच्या बरगड्या, वरून रानातून ओरबाडून आणलेला थाइम. इथल्या डोंगरउतारांवर थाइम आणि रोझमेरी आपल्याकडच्या टाकळ्यासारखी माजलेली असते. बाटलीवर लेबल नव्हतं. पेले स्टीलचे नव्हते एवढंच, बाकी सगळं आमच्या शेतातल्या हुरड्याच्या पार्टीसारखं. कासुलेबरोबर चांगली लागलेली वाईन इथे दुप्पट चांगली लागली. भाजल्या मांसाचा जळका कडूपणा, थाइमचा वास आणि कारिन्यान, तिन्ही एकाच जमिनीतून आलेले. हिवाळ्यात तो रानडुकराचा रस्सा करतो, मांस रात्रभर याच वाईनमध्ये भिजवून. "काय खावं याच्याबरोबर?" या माझ्या प्रश्नाला त्याचं उत्तर साधं होतं. "जे या वाईनच्या आवाजाने दबणार नाही ते."

काड्या आम्हीही पूर्वी जाळायचो, बांधावर, नुसत्याच. त्यावर कोंबडी भाजायची अक्कल कुणाला आली नाही.

मंगळवार

टूलूज. दुपारी पुतणीच्या स्वयंपाकघरात सौ.ने ताबा घेतला. काळ्या मसाल्याचा डबा उघडला, आणि मटण पुतणीने शिजवलं, कारण सौ. त्याला हात लावत नाही, लांबून हुकूम सोडते. रस्सा आपल्या पद्धतीचा, झणझणीत. बुतनाकची बाटली फोडली. पहिला घोट घेतला आणि कान तापले. तिखट आणि चौदा टक्के अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, वर टॅनिनची खरखर. ना रश्श्याची चव राहिली, ना वाईनची.

मग आम्ही हट्टाला पेटलो. पुतणीने दुसरं मटण सुकं केलं, मिरची निम्म्याहून कमी, भाजलेलं कांदा-खोबरं जास्त, आणि बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून थोडी गार केली. आता जमलं. भाजल्या खोबऱ्याच्या तेलाने चरबीचं काम केलं, दगडफुलाचा आणि मसाल्याचा करपट वास वाईनशी गप्पा मारायला लागला. पण पैज जिंकली ती वांग्याच्या भरताने. सौ.ने वांगं गॅसवर नीट काळं होईस्तोवर भाजलं, हिरवी मिरची टाळली, लसूण, दाण्याचं कूट, कच्चं तेल. तो धूर आणि ती वाईन. पुतणी आणि मी बराच वेळ बोललो नाही. सौ.ने पेल्याला नाक लावलं, म्हणाली, "वास बरा आहे," आणि भाकरी मोडली.

दोन बाटल्या तिच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून बॅगेत घातल्या. माणशी दोन लिटरच्या आत बसतं. रात्री भावाचा फोन आला. पाऊस उघडत नाही, डावणी दिसायला लागली आहे.

"भाऊ, तिकडे डावणीला काय मारतात?"

"मोरचूद-चुना."

"आणि भुरीला?"

"गंधक."

"अहो मग एवढ्या लांब जाऊन नवीन काय बघितलंत?"

मी उत्तर शोधत होतो. सौ. मागून फोनकडे तोंड करून म्हणाली, "घेवड्याची उसळ."